वकिलांची पत्रे : साधन की वाङ्मय?

मराठी वाङ्मयाचा कोणताही इतिहास उघडावा. जुन्या गद्याच्या प्रकरणात प्रथम महानुभावांचे गद्य येते, मागून बखरी येतात, आणि बखरींचे गुणदोष सांगून झाल्यावर ऐतिहासिक पत्रांविषयी एखादा परिच्छेद येतो. पत्रांची संख्या अफाट आहे, त्यांची भाषा रोखठोक आहे आणि ती इतिहासाची अमोल साधने आहेत, एवढे सांगून ग्रंथकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. 'साधन' हा शब्द ऐकताना गौरवाचा वाटतो. परंतु साधन म्हणजे ज्याच्या योगाने दुसरे काही साधावयाचे ते. काम झाले की ते खुंटीला टांगावयाचे. इतिहासकाराने तारीख घेतली, स्थळ घेतले, फौजेचा आकडा घेतला, आणि पत्र पुन्हा रुमालात बांधले गेले. ज्याने ते लिहिले त्याने ते कसे लिहिले, आपणांस जे ठाऊक नव्हते ते त्याने कोणत्या शब्दांत सांगितले, भीती कोठे झाकली आणि कोठे उघडी केली, हे प्रश्न विचारण्यास क्वचितच कोणी थांबतो. हे प्रश्न इतिहासाचे नसून टीकेचे आहेत, आणि ते विचारण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

सर्वच ऐतिहासिक पत्रांचा विचार येथे कर्तव्य नाही. तो एका लेखाचा विषयही नव्हे. आम्ही एकच जात निवडली आहे : युद्धाच्या धामधुमीत, परक्याच्या टाचेखाली गेलेल्या मुलखातून वकिलांनी व कारकुनांनी आपल्या धन्याला पाठविलेली बातमीपत्रे. या निवडीला कारण आहे. आमचे बहुतेक वाचक नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर पडलेले, दूर बसलेल्या वरिष्ठाला रोज काही ना काही लिहून कळविणारे आहेत. आम्हीही कारकुनी पेशामुळे त्याच पंक्तीतले. परमुलखात बसून, आपल्याला दिसते ते न पाहणाऱ्याला कळविणे हा ज्यांचा धंदा, त्यांना या पत्रांची पारख इतरांहून अधिक असावयास हवी.

आज वकील म्हटले की न्यायालय आणि काळा डगला डोळ्यांपुढे येतो. अठराव्या शतकात वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारी राहणारा आपला प्रतिनिधी. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून दक्षिणेत परतला, तेव्हा बादशाही दरबारचे राजकारण सांभाळण्याचे काम महादेव भट हिंगणे या नाशिककर गृहस्थाकडे आले. त्याच्यामागे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव हे पुत्र, आणि त्यांच्यामागे पुढची पिढी, अशी एका घराण्याची हयात उत्तरेत गेली. वकिलापाशी मराठी लिहिणारे कारकून असत, फारसी जाणणारा मुनशी असे, दरबारच्या अखबारांच्या नकला मिळविण्याची सोय असे, आणि पत्रे पोहोचविण्यास जासूद असत. दिल्लीहून पुण्यास पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिना उलटून जाई. म्हणजे वकील जे लिही ते पुण्यास वाचले जाई तोवर शिळे झालेले असे, आणि पुण्याहून जी आज्ञा येई ती बहुधा त्या शिळ्या परिस्थितीला उद्देशून असे. या विलंबाची जाणीव त्या पत्रांच्या वाक्यावाक्यांत आहे. तीच त्यांच्या शैलीची जन्मभूमी आहे असे आम्ही समजतो.

उदाहरणार्थ १७५७ साल घ्यावे. त्या वर्षीच्या जानेवारीअखेर अहमदशहा अब्दाली दिल्लीत शिरला. वजीर गाजीउद्दीन त्याला शरण गेला, बादशहा आलमगीर दुसरा नावापुरता उरला. शहरात घरोघर खंडणी बसविली गेली. अमिरांच्या हवेल्या खणून पुरलेले द्रव्य काढले गेले. अंताजी माणकेश्वर हा मराठ्यांचा सरदार थोड्याशा फौजेनिशी तेथे होता. फरीदाबादेजवळ झुंज देऊन त्याला मागे सरावे लागले. मार्चच्या आरंभी, होळीच्या सुमारास, अब्दालीच्या फौजेने मथुरेत कत्तल केली. पुढे छावणीत रोगराई माजली, आणि एप्रिलच्या सुमारास नजीबखान रोहिल्याच्या हाती दिल्लीचा कारभार ठेवून अब्दाली परत फिरला. रघुनाथरावाची फौज येऊन नजीबखानास दिल्लीतून काढीपर्यंत भाद्रपद उजाडला.

हा सारा वृत्तांत आज आम्ही एका परिच्छेदात लिहू शकतो, कारण आम्हांला शेवट ठाऊक आहे. दिल्लीत आणि दिल्लीच्या आसपास असलेल्या मराठी वकिलाला तो ठाऊक नव्हता. अब्दाली राहणार की जाणार, राहिला तर दक्षिणेकडे वळणार की जाटाच्या मागे लागणार, बादशहाला तख्तावर ठेवणार की स्वतः तख्तावर बसणार, यांपैकी काहीच निश्चित नव्हते. तरीही लिहावे लागत होते, आणि आजच लिहावे लागत होते, कारण जासूद निघावयाचा होता.

बखर आणि वकिलाचे पत्र यांतील मर्माचा भेद हाच आहे. पानिपतावरील बखर घ्या. तिच्यातील प्रत्येक प्रसंगावर १४ जानेवारी १७६१ ची सावली पडलेली आहे. भाऊसाहेब उत्तरेस निघाले तेव्हाच बखरकाराला त्यांचे काय होणार हे माहीत आहे. म्हणून निघतानाचे अपशकुनही त्याला आठवतात आणि मानी बोलणीही. त्या सावलीमुळे बखरीला करुणरस लाभला, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या सावलीनेच तिच्यातील माणसांचे स्वातंत्र्य हिरावून घेतले. ती माणसे आपल्या नियतीकडे चालत जातात. वेगळे काही करता आले असते असे वाचकाला वाटत नाही. वकिलाच्या पत्रात मात्र दहा वाटा उघड्या असतात, आणि पुढे इतिहासाने बंद केलेल्या नऊ वाटाही त्या क्षणी तितक्याच खऱ्या असतात. दत्ताजी शिंद्याचा देह १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडला. त्याच्या आदल्या महिन्यातील पत्रे वाचताना अंगावर काटा येतो. तो लेखकाने आणलेला नसतो. लेखकाला ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक असते म्हणून तो येतो. शेवट ठाऊक नसलेल्या गद्याचा हा गुण कोणत्याही कसबाने साधत नाही.

आता या गद्याच्या रचनेकडे वळू. चांगल्या वकिलाच्या पत्रात ज्ञानाच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिली, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. दुसरी, दुसऱ्याकडून कानी आलेली. तिसरी, या दोहोंवरून मनाने बांधलेला अंदाज. दरबारात काय घडले हे वकील स्वतः हजर असला तर एका रीतीने सांगतो, मुनशीकडून कळले असले तर दुसऱ्या रीतीने. छावणीची हालचाल हरकाऱ्याने सांगितली असेल तर हरकाऱ्याचे नाव काढतो, सावकाराच्या पत्रावरून समजली असेल तर सावकाराचे. एखादी वार्ता पक्की नसेल तर मागाहून खरे-खोटे लिहून पाठवू, असे सांगून ती मोकळी सोडतो. आपले मत द्यावयाचे झाले तर ते शेवटी, विनंतीच्या रूपाने, आणि धनी समर्थ आहेत अशी पुस्ती जोडून देतो. आजच्या वाचकाला ही पुस्ती लाचारीची वाटेल. आम्हांला ती तशी वाटत नाही. वृत्त कोठे संपले आणि सल्ला कोठे सुरू झाला, हे दाखविणारी ती खूण आहे. वाचणाऱ्याने सल्ला टाकून द्यावा आणि वृत्त ठेवावे, अशी सोय ती करून देते.

या कसोटीवर आपल्या कचेऱ्यांतील भाषा लावून पाहावी. 'असे समजते', 'असे निदर्शनास आले आहे', 'असे मानण्यास जागा आहे' : कोणाला समजते? कोणाच्या निदर्शनास आले? जागा कोणी केली? कर्ता वाक्यातून निघून जातो आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही निघून जाते. इंग्रजी अमदानीत घडलेल्या या टिपणशैलीने आपल्याला शिष्टपणा शिकविला, नेमकेपणाही काही अंशी शिकविला. पण माहिती कोठून आली हे झाकण्याची विद्याही शिकविली. अठराव्या शतकातील कारकुनाला हे कर्मणीचे पांघरूण फारसे उपलब्ध नव्हते. त्याला 'ऐकिले' म्हणावे लागे, आणि मग कोणापासून ऐकिले तेही लिहावे लागे. मराठी गद्याच्या इतिहासात वाक्यागणिक जबाबदारी घेण्याची ही शिस्त मोठी आहे. निबंधमालेच्या आधी मराठी गद्याला विचार पेलत नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी ही पत्रे चाळावीत.

भाषेविषयी एक आक्षेप नेहमी येतो : ही पत्रे फारसी शब्दांनी बुजबुजलेली आहेत, यांत मराठीचे रूप कोठे उरले? शिवकालात रघुनाथपंडिताकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला, तो याच चिंतेतून. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध करून या शब्दांची मोजदाद केली. पण शब्द कोठले हा एक प्रश्न, आणि वाक्य कोणाचे हा दुसरा. वकिलाच्या पत्रात नामे बहुधा दरबारची आहेत, कारण वस्तू दरबारच्या आहेत. खिलत, मोहीम, तहनामा, रुजुवात यांना त्या दरबारी दुसरी नावे नव्हती. क्रियापदे मात्र घरची आहेत, आणि वाक्याचा कणा क्रियापदात असतो. आपल्या आजच्या बोलण्यात फाईल, मेमो, बदली, रजा ही नामे कोठकोठून आली आहेत ते पाहिले तर या आक्षेपाची धार बोथट होईल.

याहून गंभीर आक्षेप निराळा आहे. वकील खरे लिहीत होते हे कशावरून? हिंगणे आणि अंताजी माणकेश्वर यांचे वैर प्रसिद्ध आहे. एकाने दुसऱ्यावर पैसे खाल्ल्याचे, कामे बिघडविल्याचे आणि धन्याची दिशाभूल केल्याचे आरोप करावेत, आणि दुसऱ्याने ते व्याजासह परत करावेत, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. दोघांच्या पत्रांवर विसंबून पुण्यास निर्णय घ्यावयाचे. अशा पत्रांना प्रामाणिकपणाचा नमुना कसे म्हणावे?

आम्ही तसे सरसकट म्हणत नाही. सचोटी हा माणसाचा गुण आहे, आणि हिंगण्यांच्या किंवा अंताजीच्या सचोटीचा निवाडा पुणे दरबारालाही धड करता आला नाही. आमचे म्हणणे लेखनाच्या प्रकाराविषयी आहे. ज्या प्रकारात माहितीचा उगम सांगण्याची चाल आहे, त्या प्रकारात लबाडी लपविणे कठीण जाते. पत्र घटनेविषयी बोलत असते तोवर त्याच्यात दिवस, घटिका, ठिकाणे, माणसे असतात. ते प्रतिस्पर्ध्याविषयी बोलू लागले की ठिकाणे व दिवस गळतात आणि विशेषणे येतात. ही पालट शैलीत दिसते, आणि ती ओळखण्यास इतिहासकाराहून टीकाकाराची दृष्टी अधिक उपयोगी पडते. दोन वैऱ्यांची एकाच घटनेवरील पत्रे शेजारी ठेवून वाचावी. दोघे जेथे जुळतात ते वृत्त, आणि दोघे जेथे विशेषणांवर येतात तो स्वभाव. दोन्हींचे वाङ्मयीन मूल्य आहे. दुसऱ्याचे तर कादंबरीकाराला हेवा वाटावा इतके आहे.

वकिलाच्या पत्राला त्याच्या काळी एक प्रतिस्पर्धी होता, तो म्हणजे सावकाराची चिठ्ठी. पानिपतचे वर्तमान पेशव्याला प्रथम कसे कळले याची कथा ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात सांगितली आहे, आणि ती प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे : एका सावकाराचा जासूद हाती लागला, आणि त्याच्याजवळच्या पत्रात मोती, मोहरा आणि रुपये यांच्या नुकसानीच्या भाषेत दोन वीर, अनेक सरदार आणि असंख्य शिपाई यांचा संहार नोंदला होता. या कथेच्या अक्षरशः खरेपणाची चर्चा इतिहासकारांनी करावी. टीकेच्या दृष्टीने ती एक उत्तम दृष्टांत आहे. सावकाराचे पत्र संक्षेपात अजोड आहे. पण ते तोट्याची बेरीज सांगते, आणि बेरजेत माणूस नाहीसा होतो. वकिलाचे पत्र लांबते, घोटाळते, पुन्हा मागे जाते, एका वार्तेला दुसरीची पुरवणी जोडते. त्या लांबणीत शहर जिवंत राहते : कोणता बाजार उघडला, कोणता दरवाजा बंद आहे, कोण कोणाच्या भेटीस गेला आणि न बोलता परतला. एखाद्या काबीज केलेल्या नगराचा श्वास कसा चालतो हे बेरजेवरून कळत नाही.

हे सारे दूरच्या दिल्लीचे झाले. पण आम्ही जेथून हे लिहीत आहोत त्या बंगळूरचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे. बंगळूर १६३८ पासून शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि आमच्या मल्लेश्वरमातील काडुमल्लेश्वराच्या देवळाशी १६६९ सालच्या, एकोजीराजांच्या दानाची नोंद करणाऱ्या शिलालेखाचे नाते आहे. हे येथील मराठी मंडळी अभिमानाने सांगतात. १७९१ सालची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि बातमीपत्रांच्या अभ्यासकाला तीच अधिक शिकविते.

त्या वर्षी इंग्रज, निजाम आणि मराठे असे तिघे टिपूवर चालून आले होते. मार्चच्या २१ तारखेस कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. मराठ्यांच्या बाजूने परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात अनेक महिने गुंतला होता; तो किल्ला एप्रिलमध्ये पडला, आणि मग भाऊ व हरिपंत फडके दक्षिणेस उतरले. इकडे मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत गेला, पण दाणावैरणीवाचून त्याचे बैल मेले आणि माणसे अर्धपोटी राहिली. २२ मे रोजी त्याने आपल्या वेढ्याच्या मोठ्या तोफा स्वतःच फोडून टाकल्या आणि तो माघारी फिरला. चारच दिवसांनी मेलुकोट्याच्या बाजूला घोडेस्वार दिसले. इंग्रजांना ते टिपूचे वाटले. ते मराठे होते. दोस्तांची फौज दाणागोटा घेऊन हाकेच्या अंतरावर आली असता तिचा सुगावा कॉर्नवॉलिसला लागला नाही, कारण टिपूच्या हलक्या स्वारांनी मधले सर्व जासूद आणि पत्रे अडविली होती. मराठ्यांच्या बाजारात उपाशी इंग्रजांना सर्व जिन्नस मिळाले, अर्थात चढ्या भावाने.

एक पत्र चार दिवस आधी पोहोचते तर त्या तोफा फुटल्या नसत्या, आणि श्रीरंगपट्टणाचा निकाल कदाचित त्याच उन्हाळ्यात लागता. तो पुढे १८ मार्च १७९२ च्या तहाने लागला, ज्यात टिपूला अर्धे राज्य, तीन कोटी तीस लक्ष रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. न पोहोचलेल्या पत्राचे वजन इतके असते. वाङ्मयाच्या इतिहासात न लिहिलेल्या काव्याला स्थान नाही. बातमीपत्राच्या इतिहासात न पोहोचलेल्या पत्राला मात्र स्थान आहे. दूर बसलेला वाचक पत्र हाती पडले नाही म्हणजे काही घडले नाही असे समजतो, आणि तोच त्याचा घात होतो.

याच मोहिमेने मराठी पत्रवाङ्मयाची मर्यादाही दाखवून दिली आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबर असलेल्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती आसनावरून ढळली, माणसे मारली गेली, आचार्यांना स्थान सोडावे लागले. त्यानंतर टिपूने शृंगेरीच्या स्वामींना कन्नडमध्ये पत्रे लिहिली, मूर्तीच्या पुनःस्थापनेस मदत पाठविली. ही पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे नरसिंहाचार्य यांनी उजेडात आणली. टिपूविषयी कोणाचे मत काय असावे हा येथे प्रश्न नाही. राजकारणी माणसाच्या पत्रात राजकारण असणारच. प्रश्न असा आहे की, चालून जाणाऱ्या फौजेतून लिहिलेली पत्रे चालून गेलेल्या मुलखाचे दुःख कितपत सांगू शकतात?

दिल्लीच्या पत्रांत मराठी वकील हा पीडितांमध्ये वावरणारा साक्षी होता. म्हैसूरच्या मोहिमेत मराठी कारकून हा पीडा देणाऱ्या छावणीतला होता. कारकून त्याच तालमीतले, पत्रांचे मायनेही तेच, पण त्यांची बसण्याची जागा बदलली. मथुरेच्या कत्तलीने हळहळणाऱ्या आपल्या मनाने शृंगेरीचेही वर्तमान त्याच कानांनी ऐकले पाहिजे, आणि त्यासाठी मराठी पत्रांशेजारी कन्नड पत्रे ठेवूनच वाचली पाहिजेत. कन्नड मुलखात राहून, येथले पाणी पिऊन, मुलांना येथल्या शाळांत घालून आपण मराठी वाङ्मयाची उपासना करतो. तेव्हा हे दुहेरी वाचन आपल्याला पुण्यातल्या वाचकाहून सुलभ आहे आणि त्याच्याहून अधिक बंधनकारकही आहे. ज्या टीकेला आपल्या बाजूची गैरसोयीची पाने वाचवत नाहीत, ती टीका नव्हे, वकिली आहे. आणि तीही आजच्या अर्थाने.

पाश्चात्यांकडे या प्रकाराला वाङ्मयाची प्रतिष्ठा केव्हाच मिळाली आहे. व्हेनिसच्या वकिलांनी कामगिरीवरून परतल्यावर आपल्या राज्यसभेपुढे मांडलेले वृत्तांत शतकानुशतके आवडीने वाचले जात आहेत. अलीकडचे उदाहरण जॉर्ज केनन याचे. हा अमेरिकन वकिलातीतील चिटणीस १९३८ च्या सप्टेंबरअखेर, म्युनिकच्या कराराच्या सुमारास, प्रागला पोहोचला. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा त्या शहरात शिरल्या आणि चेकोस्लोव्हाकियाचे स्वतंत्र राज्य मावळले. केनन मात्र युद्धाला तोंड लागेपर्यंत तेथेच राहून आपल्या सरकारला लिहीत राहिला. ही प्रतिवृत्ते १९६८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेच्या परराष्ट्रनीतीचा मोठा भाष्यकार म्हणून तो गाजला. पण प्रागच्या त्या कागदांत भाष्यकार नाही, ताब्यात गेलेल्या शहरात रोज डोळे उघडे ठेवणारा एक कारकून आहे. सत्तेचा कायदा कसा बदलतो, नाण्याचे काय होते, कोण जुळवून घेतो, कोण गप्प बसतो, हे तो टिपतो. बापूजी हिंगण्याच्या आणि त्याच्या काळात जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे, दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तरी शत्रूच्या हाती गेलेल्या नगरीतून लिहिताना दोघांसमोरचे प्रश्न तेच होते. फरक इतकाच की, केननचे कागद एका हाती धरता येईल अशा ग्रंथात वाचकासमोर आले, आणि आमच्या वकिलांचे कागद अद्याप खंडोखंडी विखुरलेले आहेत.

याचा अर्थ आमच्या संशोधकांनी कष्ट केले नाहीत असा कोणी घेऊ नये. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ च्या पत्रांचाच. या पत्रांवर बहुधा चांद्रमासाची तिथी असते, सन नसतो. आतल्या मजकुरावरून एकेका पत्राचे साल ठरविण्यात त्या तपस्व्याने किती रात्री जाळल्या असतील याची कल्पनाच करावी. मिरजेस संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. पारसनिसांनी दिल्लीच्या राजकारणांची पत्रे १९१३-१४ मध्ये छापली. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग बाहेर काढले. या मंडळींनी खाणीतून दगड काढून दिला. त्याची मूर्ती घडविण्याचे काम साहित्यिकांचे होते, आणि ते साहित्यिकांनी केले नाही.

काय करावयास हवे ते आमच्या मते अगदी साधे आहे. पन्नास-साठ पत्रांचा एक संग्रह व्हावा. त्यात १७५७ च्या दिल्लीची पत्रे दिवसांच्या क्रमाने लावावी. हिंगण्यांच्या पत्रासमोर अंताजीचे पत्र ठेवावे. १७९१ च्या मोहिमेतील मराठी पत्रांसमोर शृंगेरीच्या कन्नड पत्रांचा मराठी तर्जुमा छापावा. कठीण शब्दांचा कोश, एक नकाशा आणि पत्र लिहिल्याचा व पोहोचल्याचा दिवस, इतके पुरे. पांडित्याच्या तळटीपा नकोत. असा संग्रह महाविद्यालयांत बखरीच्या शेजारी लावला, तर मराठी गद्य कथनावर आणि भक्तीवर पोसले, हा आपला समज बराच पातळ होईल. ते पाहण्यावर आणि पाहिलेले जबाबदारीने सांगण्यावरही पोसले आहे.

आता शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर. वकिलाचे पत्र वाङ्मय म्हणून लिहिले गेले नाही. लिहिणाऱ्याच्या मनात धन्याचा हुकूम, जासुदाची घाई आणि आपल्या पोटाची चिंता होती. परंतु वाङ्मय होण्यासाठी तसा हेतू असावाच लागतो असे नाही. ज्या लेखनात भाषा आपल्या कामाला पुरेपूर उतरते आणि एका माणसाची नजर शाबूत राहते, ते वाङ्मय. या कसोटीला सगळी पत्रे उतरणार नाहीत. पुष्कळशी हिशेबाची, मागणीची, तक्रारीची आहेत आणि ती दप्तरातच शोभतात. जी थोडी उतरतात ती मात्र कोणत्याही बखरीच्या बरोबरीने बसविण्याजोगी आहेत. रोज सहीसाठी कागद पुढे करणाऱ्या आपल्या वर्गाला त्यांतून एक हिशेब घेण्यासारखा आहे : आपण लिहिलेल्या टिपणातले किती आपण पाहिले, किती ऐकले आणि किती केवळ वरिष्ठाला आवडेल म्हणून लिहिले. दोनशे साठ वर्षांपूर्वी, पगार थकलेला असताना आणि शहर लुटले जात असताना, काही मराठी कारकुनांनी या तीन रकाने वेगळे ठेवले होते.